पावलावर दोन बोटं

सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते माझ्या पाया पडले.

मी नुकतीच भूलतज्ज्ञ होऊन बेळगावच्या एका खासगी इस्पितळात रुजू झाले होते, वय तिशीच्या आतलं. सर रक्तवाहिन्यांचे सर्जन, पन्नाशी ओलांडलेले, आणि सगळं इस्पितळ त्यांना वचकून असायचं. कॉरिडॉरमध्ये समोरून आले, "नवीन मॅडम का?" म्हणाले आणि सरळ कमरेत वाकले. मी "अहो सर, काय करताय हे!" म्हणत भिंतीला जाऊन टेकले. मागून येणाऱ्या दोन नर्सेस खुसुखुसू हसायला लागल्या. सरांनी माझ्या चपलेच्या पट्ट्याखालून दोन बोटं सारली, पावलावर ठेवली, आधी उजव्या, मग डाव्या. क्षणभर डोळे मिटले आणि उठून म्हणाले, "दोन्ही चालू आहेत. चला, चहा घेऊ."

अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या मधल्या रेषेत, पावलाच्या उंचवट्यावर, एक नाडी लागते. मनगटाची नाडी सगळ्यांना ठाऊक असते, हिच्याकडे कुणी बघत नाही. सरांचं म्हणणं असं की माणसाची खरी ओळख इथं होते. मनगट हृदयाच्या शेजारीच राहतं, त्याला रक्त मिळालं तर त्यात काय कौतुक? पाऊल बिचारं गावाच्या शेवटच्या घरात राहतं. पाण्याचा नळ तिथपर्यंत आला तरच योजना खरी म्हणायची. हे वाक्य त्यांनी माझ्या देखत इतक्यांदा ऐकवलं की पुढंपुढं ते "पाऊल बिचारं" म्हणाले की ऑपरेशन थेटरातले सगळे मिळून उरलेलं पूर्ण करायचे.

तर सर सगळ्यांच्या पाया पडायचे. पेशंटच्या, पेशंटला घेऊन आलेल्या मेहुण्याच्या, बारशातल्या बाळाच्या, औषध कंपनीच्या पोरगेल्या प्रतिनिधीच्या. गावात त्यांना कानडीत 'कालिन डॉक्टर' म्हणजे पायांचे डॉक्टर म्हणायचे आणि मराठीत 'पाया पडणारे डॉक्टर'. एकदा एका समारंभात एक मोठे सरकारी अधिकारी स्टेजवर बसले होते. सर हार घालायला म्हणून वर गेले आणि हार हातात तसाच ठेवून वाकले. अधिकारी एवढे गहिवरले की त्यांनी सरांना खांद्याला धरून उठवायचा प्रयत्न केला. सर खालूनच म्हणाले, "जरा थांबा. डावा बरा आहे. उजवा दाखवून जा उद्या." माइक चालू होता. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. अधिकारी दुसऱ्या दिवशी मागच्या दाराने येऊन उजवा दाखवून गेले.

सरांच्या पत्नी याच्यावर कडी करायच्या. त्या शाळेत गणित शिकवायच्या आणि सरांविषयी बोलताना अगदी चेहरा न हलवता बोलायच्या. "आमच्या लग्नात सप्तपदीला भटजींनी सांगितलं, नवरीच्या पायाचा अंगठा धरा. ह्यांनी अंगठा सोडून पाऊलच धरलं. भटजी म्हणतात, पुढं चला. हे म्हणतात, थांबा, लागतीय. मी आठ दिवस माहेरी सांगितलं नाही की मला वेड्याला दिलंय म्हणून."

एक सांगायचं राहिलं. एरवी सर अगदी पुस्तकी मराठी बोलायचे. पण मूळचे निपाणीचे, तंबाखूच्या वखारीत वाढलेले. घाबरले किंवा मनापासून खूश झाले की जिभेवरची इस्त्री मोडायची आणि आत बसलेला निपाणीकर बाहेर यायचा. आम्हाला ते फार उपयोगी पडायचं. पेशंट बघून आल्यावर सर "रुग्णाची अवस्था चिंताजनक आहे" म्हणाले तर आम्ही निवांत चहा संपवायचो. "लई अवघड हाय" म्हणाले की कप तिथंच टाकून पळायचो.

वखारीचा मुलगा असून सरांनी आयुष्यात विडी ओढली नाही, पण पेशंटच्या खिशातला विड्यांचा कट्टा काढून घेणं हा त्यांच्या तपासणीचाच भाग होता. काढून घ्यायचे, नाकाशी नेऊन वास घ्यायचे, "पाला चांगला आहे, पण तुमच्या पायाला परवडायचा नाही" असा निकाल द्यायचे आणि कट्टा स्वतःच्या खिशात टाकायचे. मग विसरायचे. घरी पँट धुवायला टाकताना त्यांच्या पत्नींना कट्टेच्या कट्टे सापडायचे. एका डॉक्टरांच्या परिषदेत धूम्रपानावर भाषण द्यायला उठले आणि चष्मा काढायला म्हणून खिशात हात घातला, तर टेबलावर विड्यांचा सडा पडला. सर शांतपणे म्हणाले, "पुरावे सोबत आणले आहेत," आणि भाषण सुरू केलं.

विड्यांसारखीच दुसरी जप्ती म्हणजे शेकायच्या रबरी पिशव्या. सरांच्या खोलीबाहेर खुंट्यांची एक रांग होती आणि त्यावर लाल, निळ्या, विटक्या पिशव्या लोंबत असायच्या. याचं कारण साधं आहे. एखाद्याच्या पायाच्या रक्तवाहिनीत अचानक गुठळी अडकते, पाय गार पडतो, पांढरा पडतो, मुंग्या येतात. घरचे काय करतात? गार पडलाय म्हणजे शेकतात. मुंग्या आल्यात म्हणजे तेल लावून रगडतात. वारं भरलंय म्हणून गरम विटेवर ठेवतात. हे सगळं मायेपोटी चाललेलं असतं, आणि त्या पायाला रक्तच नसल्यामुळे आणि स्पर्शही कळत नसल्यामुळे कातडी भाजून निघते तरी माणसाला पत्ता लागत नाही. वेळ जातो तो वेगळाच. अशा पायाला सहा तासांच्या आसपास रक्त मिळालं तर ठीक, नंतर स्नायू मरायला लागतात. म्हणून सर आल्या आल्या पिशवी जप्त करायचे. पुढं त्याच पिशव्या नर्सेसच्या हवाली व्हायच्या. "पोटाला चालते, पायाला नाही," असं सांगून स्वतः वाटायचे.

आणि मग तो प्रश्न. सर पेशंटला काय होतंय हे विचारायचेच नाहीत. विचारायचे, "कधीपासून?" आमच्याकडची खेड्यातली माणसं घड्याळात उत्तर देत नाहीत. "सकाळच्यानं" म्हणतात, आणि त्यांची सकाळ कोंबडं आरवल्यापासून जेवणापर्यंत पसरलेली असते. सरांनी त्यावर स्वतःची रीत काढली होती. "दूध घालायला डेअरीत गेलात तेव्हा पाय तुमचा होता का?" "व्हय." "परत आल्यावर?" "परत येताना वाटंतच बसलो की ओ." झालं, वेळ सापडली. डेअरीची, एसटीची, शाळेच्या प्रार्थनेची वेळ त्यांना गावागणिक पाठ होती.

माझं आणि त्यांचं मात्र रोज वाजायचं. अशा पेशंटचं हृदय बहुतेक वेळा आधीच बिघडलेलं असतं, गुठळी तिथूनच सुटून आलेली असते. मला रक्ताचे रिपोर्ट हवे असायचे, हृदयाचा आलेख हवा असायचा. सर हात धुऊन, कोपरं वर धरून माझ्या डोक्यावर उभे राहायचे. "मॅडम, पाय वाट बघत नाही."

"हृदयही बघत नाही, सर."

"बरं. हृदय तुमचं, पाय माझा. मध्ये वाटणीवरून भांडण नको."

सगळे पाय वाचायचे नाहीत, हे लिहायला हवं. सदलग्याचा एक चांगला उमदा माणूस दोन दिवस तेल चोळून घेऊन मग आला. पाय काढावा लागला. त्या दिवशी सरांनी संध्याकाळची ओपीडी रद्द केली आणि त्या माणसाच्या खाटेशेजारी स्टुलावर नुसते बसून राहिले. त्या माणसानेच शेवटी त्यांना "जावा आता डॉक्टर, जेवा जावा," असं समजावलं. पाय वाचला की मात्र सर सगळ्या मजल्यासाठी कुंदा, आमची बेळगावी खव्याची मिठाई, मागवायचे. त्यांच्यामुळे माझं वजन वाढलं असं मी अजून सांगते.

आता गुंजीचं सांगते.

आमच्या थेटरातल्या मुख्य सिस्टर खानापूरच्या पुढच्या गुंजी गावच्या. वयाने मोठ्या, म्हणून आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणायचो. त्यांच्या भावाच्या मुलाचं लग्न निघालं, आणि सर, मी असे दोघं सरांच्या गाडीतून निघालो. सरांनी लग्नालाही डिकीत आपला डबा घेतला होता: इंजेक्शनं, सलाइन, कापसाच्या गुंडाळ्या. मी म्हटलं, "सर, आहेर विसरलात तरी हा डबा विसरणार नाही तुम्ही." तर आहेर खरंच घरी राहिला होता.

मंडपाच्या तोंडाशी आक्कांचे वडील खुर्चीत बसले होते. आप्पा. सत्तरी पार केलेले, अंगाने काटक, गुलाबी फेटा, नवं धोतर. गावातल्या तीन पिढ्यांना लेझीम शिकवलेला माणूस. मला बघताच म्हणाले, "मॅडम, जेवून पळायचं न्हाय हं. सांजच्याला वरात हाय. नातवाच्या म्होरं लेझीम मी खेळणार हाय." घरातलं थोरलं माणूस म्हणून येणारा जाणारा त्यांच्या पाया पडत होता. चांगली रांग लागली होती. वाकायचं, हात लावल्यासारखं करायचं, पुढं सरकायचं. सरही रांगेत उभे राहिले.

त्यांचा नंबर आला, वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

मला सवय होती, म्हणून मी इकडंतिकडं बघत होते. मागची एक बाई कुरकुरली, "अवं उठा की, रांग थांबलीया." सर उठले नाहीत. डाव्या पावलावरून बोटं घोट्यामागे गेली, मग गुडघ्यामागच्या खोबणीत, मग परत पावलावर. मग उजवं पाऊल. मग पुन्हा डावं, या वेळी अख्खा तळवा लावून.

"आप्पा, हा पाय गार कवापासनं हाय?"

'कवापासनं' ऐकलं आणि मी हातातला सरबताचा पेला खाली ठेवला.

आप्पांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हळू बोला की ओ. पाव्हणं हाईत."

"कवापासनं?"

"सकाळच्या गाडीनं पाव्हणं यायचं हुतं, त्येंला आणाय टेसनात गेलतो. गाडी लागली आणि पायात एकदम कळ आली. परत येताना पोराच्या खांद्यावर हात टाकून आलो. मग मुंग्या आल्या. सूनबाईनं शेकाय दिलंय. आता बरं हाय, दुखायचं थांबलंय."

दुखणं थांबलं होतं ते पाय बरा झाला म्हणून नव्हे, पायाची संवेदना चालली होती म्हणून. गाडीची वेळ धरली तर चार तास होत आले होते. मी मनगट धरलं. नाडी कशीही पळत होती, ताल नाही, ठेका नाही. अशा हृदयात रक्त साकळतं आणि त्याची गुठळी सुटून कुठंही जाऊन अडकते. आप्पांच्या पायात अडकली होती. सरांना खुर्चीखाली गरम वाळूची पुरचुंडी सापडली. त्यांनी ती अशी भिरकावली की ती बँजोवाल्यांच्या पुढ्यात जाऊन फुटली.

मला एका गोष्टीचा फार संताप आला. सकाळपासून अख्खं गाव त्या पायांना हात लावून गेलं होतं. एकाच्याही बोटांना पाय गार लागला नव्हता.

"आप्पा, आत्ता निघायचं. बेळगावला."

"अक्षता पडू देत."

"अक्षता पडोस्तवर पाय हातचा जाईल."

"जाऊ दे. थोरला म्हणून पैली मूठ माझी हाय. ती टाकल्याबिगर मी हितनं हलत न्हाय. लग्नाच्या दिवशी घरातलं थोरलं माणूस दवाखान्यात नेलं म्हणून नव्या पोरीच्या नावानं लोक बोलतील. ते न्हाय चालायचं."

म्हणून ते सकाळपासून गप्प बसले होते.  सर त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले, नव्या कोऱ्या पँटसकट.

"आप्पा, सांजच्याला लेझीम कुठल्या पायानं खेळणार?"

 आप्पा फेट्याचा शेव उगाच सारखा करत राहिले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "खेळायचं तर हायच ओ."

तोवर आक्का आत पोचल्या होत्या. थेटरात सर्जनना दरडावणारी बाई ती, भटजींना काय भिणार? भटजी म्हणत होते, मुहूर्ताला अजून बराच अवकाश आहे. आक्का म्हणाल्या, "मुहूर्त ऱ्हाऊ दे तुमच्यापाशी. आप्पा आशीर्वाद द्यायला निघालेत, लगीन लावाय न्हाईत. आशीर्वादाला कशाला मुहूर्त लागतोय?" आणि मुंडावळ्या बांधलेल्या नवऱ्याला एका हाताने, नवरीला दुसऱ्या हाताने धरून त्या सरळ गाडीपाशी आल्या. मागून भटजी आले. आले ते आले, त्यांनी एक मंगलाष्टकही म्हणून टाकलं. आप्पांना मागच्या सीटवर बसवलं होतं. सर शेजारी वाकून गुठळी वाढू नये म्हणून इंजेक्शन देत होते. आप्पांनी खिडकीतून मूठ उधळली. निम्म्या अक्षता नवरानवरीवर पडल्या, निम्म्या सरांच्या टकलावर. नवरी गाडीला हात लावून रडत होती आणि आप्पा तिला सांगत होते, "रडू नकोस गं बाळ, तुझं पाऊल चांगलं हाय, माझंच नडलंय."

गाडी मी चालवली, कारण सर चालवत असते तर आम्ही अजून खानापुरातच असतो. आक्का भरजरी शालूत माझ्याशेजारी बसून फोनवर थेटर लावून घेत होत्या. मागे सरांनी आप्पांचा पाय कापसात गुंडाळून मांडीवर घेतला होता, फक्त बोटं उघडी. शेक नाही, चोळणं नाही, उंच टेकणं नाही. थोड्या थोड्या वेळाने एकच वाक्य: "आप्पा, बोटं हलवा." बोटं हलतात तोवर पायात जीव आहे. हलायची थांबली की आशा कमी होत जाते.

खानापूर मागे पडलं आणि सरांनी पुन्हा विचारलं, "हलवली?"

"हलवतोय की."

मी आरशात पाहिलं. सर पायाकडे बघत होते. मग म्हणाले, "व्हय, व्हय. हललीत."

इतकी वर्षं सोबत काम केल्यावर माणूस खोटं बोलतोय हे आवाजावरून कळतं.  आक्कांनी फोन कानाला तसाच ठेवून डोळे मिटले. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच सर मला "सावकाश" म्हणाले नाहीत.

थेटरात आमची वाटणीवरून भांडणं झाली नाहीत. जांघेत जागेवरच भूल देऊन सरांनी रक्तवाहिनी उघडली, टोकाला फुगा असलेली बारीक नळी खाली पायात सरकवली, फुगा फुगवला आणि ओढून घेतली. आधी शेंगेएवढी काळपट गुठळी आली, मग तिचं लांबलचक शेपूट. मग पुन्हा नळी, पुन्हा एक तुकडा. रक्त सोडलं की पायात साठलेलं सगळं वाईट एकदम हृदयाकडे धावतं. ती मिनिटं माझी असतात. प्रेशर खाली आलं, मी ते वर आणलं. आक्कांनी शालूवरच गाऊन चढवला होता. आप्पा टक्क जागे होते आणि वर दिव्याकडे बघत विचारत होते, "मुहूर्त टळला न्हाय न्हवं?"

सर खाली वाकले आणि हिरव्या चादरीखाली डोकं घालून पायाकडे गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

"सर?"

मी प्रेशरवर एक नजर टाकून पुन्हा हाक मारली.

"सर, लागतीय का?"

चादरीखालून आवाज आला, "चालू हाय." आणि नंतर नाक ओढल्याचा आवाज. आक्का तिथंच भिंतीला टेकून खाली बसल्या.

पुढचे दोन दिवस सर पोटरी सुजतेय का ते दाबून बघायला उठसूट येत होते. आप्पा वैतागून म्हणाले, "माझ्या पाया इतक्यांदा तर माझी लेकरं पडली न्हाईत." तिकडे गुंजीत लग्न वेळेवर लागलं होतं, पण नवऱ्यामुलाने वरात अडवून धरली होती. आप्पांशिवाय वरात निघणार नाही, म्हणजे नाही. बँजोवाले तसेच परत गेले.

ती वरात निघाली दोनअडीच महिन्यांनी. लग्न जुनं, नवरी एव्हाना घरात रुळलेली, तरी दोघांना पुन्हा नटवून ट्रॅक्टरवर बसवलं होतं. गावभर हसणं-खिदळणं चाललं होतं. सर आणि मी ऊन कलताना पोचलो. आप्पा गुलाबी फेटा बांधून, लेझीम हातात घेऊन रस्त्याच्या मधोमध उभे. डावा घोटा जरासा आळशी राहिला होता, तेवढंच.

सर नेहमीप्रमाणे पुढे झाले आणि वाकायला लागले. आप्पा दोन पावलं मागे सरकले.

"न्हाय डॉक्टर. आज पाया पडायचं न्हाय. तिथं बसा खुर्चीत आणि बघा."

सर चमकले. असं त्यांना आजवर कुणी सांगितलं नसावं. पण निमूट जाऊन बसले. हलगी कडाडली. आप्पांनी लेझीम डोक्यावर नेली आणि पहिला पाय टाकला तो डावा. मग उजवा, मग वळण, मग पुन्हा डावा, धूळ उडेल असा. एका वळणावर घोटा लचकला, नातवाने ट्रॅक्टरवरून उडी टाकून हात पुढे केला, तर आप्पांनी त्या हातावर लेझीमच हाणली आणि ठेका न सोडता पुढं गेले. आक्का हसत होत्या आणि रडत होत्या.

मी सरांकडे पाहिलं. उजव्या हाताची दोन बोटं स्वतःच्या गुडघ्यावर ठेवून ते टक लावून त्या डाव्या पायाकडे बघत होते. ओठ हलत होते. मी हलगीच्या वरताण ओरडून विचारलं, "काय म्हणताय, सर?"

त्यांनी मान वळवली नाही.

"हितनं लागायलीया की ओ मॅडम, नाडी."